पाहिले किती जणांनी? एका मोजणीची गोष्ट

‘चॅनेल मॉनेटाइझ झाले का?’ हा प्रश्न अलीकडे शाळेच्या स्टाफरूममध्येही ऐकू येतो. २०२० च्या टाळेबंदीत अनेक शिक्षकांनी मोबाइल पुस्तकांच्या चवडीला टेकवून धडे चित्रित केले आणि यूट्यूबवर टाकले. पुढे शाळा उघडल्या, तरी त्यांपैकी काही चॅनेल चालूच राहिले. या चॅनेलवर जाहिराती लागल्या तर थोडेफार पैसेही मिळतात, हे कळल्यावर दोन आकडे सर्वांच्या तोंडी बसले : एक हजार सबस्क्रायबर आणि चार हजार तास. अकरावी-बारावीच्या मुलांना तर हे आकडे पाढ्यांपेक्षा पक्के पाठ असतात.

विज्ञानाच्या अभ्यासकाला कोणताही आकडा समोर आला की दोन प्रश्न पडतात. हा मोजला कसा? आणि हाच का, दुसरा का नाही? या दोन प्रश्नांचा माग काढत मागे गेलो, तर आपण यूट्यूबच्याही जवळजवळ पावणेदोनशे वर्षे आधी जाऊन पोचतो. ‘किती जणांनी पाहिले’ हे मोजणे दिसते तितके सोपे कधीच नव्हते. आणि प्रत्येक नवे माप आले की माणसे त्या मापाप्रमाणे वागू लागली, हे या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

विकणाऱ्याने मोजू नये

३ सप्टेंबर १८३३ रोजी न्यूयॉर्क शहरात बेंजामिन डे या मुद्रकाने ‘सन’ नावाचे दैनिक सुरू केले. त्या काळी तिथली इतर दैनिके सहा सेंटला मिळत. ‘सन’ची किंमत होती एक सेंट. एवढ्या किमतीत कागद-छपाईचा खर्च निघणे कठीणच. ती तूट जाहिरातींतून भरून काढायची, असा डे यांचा हिशेब होता. तो बरोबर ठरला. वाचकाला बातमी विकता विकता जाहिरातदाराला वाचक विकायचे, हा व्यवहार तेव्हापासून रुजला.

पण जाहिरातदाराने विचारले, ‘तुमचे वाचक नक्की किती?’, तर उत्तर कोण देणार? वृत्तपत्राचा मालकच. आणि जितके वाचक जास्त सांगाल तितका दर जास्त! साहजिकच खपाचे आकडे फुगवून सांगितले जाऊ लागले. यावर उपाय म्हणून १९१४ साली अमेरिकेत ‘ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स’ ही संस्था निघाली. वृत्तपत्रे, जाहिरातदार आणि जाहिरात-संस्था या तिघांनी मिळून ती चालवायची आणि खपाची तपासणी तिने करायची. भारतात अशीच संस्था १९४८ साली स्थापन झाली. तत्त्व साधे होते : ज्याला आकडा मोठा असण्यात फायदा आहे, त्याच्याच हाती मोजपट्टी देऊ नये.

घरातला मुका साक्षीदार

वृत्तपत्राच्या निदान प्रती तरी मोजता येतात. रेडिओचे काय करायचे? २८ ऑगस्ट १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या एका केंद्रावरून घरे विकणाऱ्या एका कंपनीचे भाषण पैसे घेऊन प्रसारित झाले. रेडिओवरच्या सशुल्क जाहिरातींची सुरुवात साधारणपणे इथून धरतात. पण ते भाषण ऐकले किती जणांनी? ध्वनिलहरी मोजता येतात, कान कसे मोजणार?

१९३० साली आर्चिबाल्ड क्रॉसली यांनी लोकांना टेलिफोन करून ‘काल काय ऐकलेत?’ असे विचारायला सुरुवात केली. यात दोन अडचणी होत्या. ज्यांच्याकडे टेलिफोन नाही ते मोजणीतून वगळले जात, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांना कालचे नीट आठवत नसे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील रॉबर्ट एल्डर आणि लुई वुड्रफ यांनी यावर एक यंत्र तयार केले. रेडिओला जोडले की तो कधी चालू होता आणि कोणत्या केंद्रावर लावला होता, याची नोंद ते आपोआप करी. ऑर्थर नील्सन यांनी १९३६ मध्ये ते विकत घेतले आणि १९४२ पासून त्याच्या आधारे श्रोत्यांचे आकडे देण्यास सुरुवात केली. यंत्राचे नाव होते ऑडिमीटर.

आता माणसाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहायला नको, असे वाटले. पण जरा विचार करून पाहा. ऑडिमीटर नेमके काय मोजत होता? रेडिओ चालू आहे की नाही, एवढेच. गृहिणी रेडिओ लावून अंगणात गेली असेल, तरी यंत्राच्या लेखी कार्यक्रम ऐकला गेला! आपल्याला मोजायचे असते ‘ऐकणे’. मोजता येते ‘चालू असणे’. या दोहोंतले अंतर आजही मिटलेले नाही.

आपल्याकडे विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ पासून जाहिराती सुरू झाल्या, त्याही प्रथम मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. दूरदर्शनवर त्या १९७६ साली आल्या. मग इथेही प्रेक्षक मोजण्याची गरज निर्माण झाली.

मोजणी कधी होणार हे कळले तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतच सापडते. तिथे स्थानिक दूरचित्रवाणी केंद्रांचे प्रेक्षक बरीच वर्षे फेब्रुवारी, मे, जुलै आणि नोव्हेंबर अशा ठरावीक महिन्यांत मोजले जात. त्या महिन्यांसाठी केंद्रे आपले सर्वांत आकर्षक कार्यक्रम राखून ठेवत. शाळातपासणीचा दिवस आठवा : त्या दिवशी फळे स्वच्छ असतात, तक्ते भिंतीवर चढतात आणि हजेरीही भरघोस असते. तपासनीसांना दिसते ती शाळा खरी असते, पण ती एका दिवसाची असते.

मोजणीचा नमुना लहान असला की आणखी एक धोका संभवतो. थोड्या घरांवर प्रभाव टाकला तरी देशाचा आकडा हलतो. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबईत असे प्रकार झाल्याचा आरोप झाला आणि पोलिसांत प्रकरण दाखल झाले. त्यानंतर वृत्तवाहिन्यांचे आकडे देणे देशभर थांबवण्यात आले. ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. मुंबईतला तो खटला २०२४ मध्ये मागे घेण्यात आला.

तीनशे एकचे कोडे

यूट्यूबची स्थापना फेब्रुवारी २००५ मध्ये झाली. पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ चा, अवघ्या १९ सेकंदांचा, प्राणिसंग्रहालयातल्या हत्तींसमोर उभे राहून केलेला. पुढच्याच वर्षी गूगलने ही कंपनी १६५ कोटी डॉलरला घेण्याचे जाहीर केले. मे २००७ मध्ये निवडक व्हिडिओकारांना जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा देणारी योजना सुरू झाली आणि डिसेंबर २००७ मध्ये अमेरिका व कॅनडातील इतरांनाही अर्ज करता येऊ लागला. २०१२ साली आणखी बऱ्याच देशांत जवळजवळ कोणालाही त्यात सामील होता येऊ लागले. उंबरठा म्हणावा असा उरलाच नव्हता.

इथे प्रत्येक व्हिडिओखाली तो किती वेळा पाहिला गेला हा आकडा दिसे. नमुना नको, टेलिफोन नको. संगणक प्रत्येक वेळ मोजणार! प्रश्न कायमचा सुटला असे वाटले. पण त्या काळात व्हिडिओ पाहणाऱ्यांना एक कोडे पडत असे. नवा, लोकप्रिय होत असलेला व्हिडिओ असला की त्याचा आकडा ३०१ वर येऊन अडकायचा, आणि काही काळाने एकदम हजारोंवर उडी मारायचा. असे का?

कारण, खोटे आकडे. एखादा संगणक-प्रोग्राम लिहून तोच व्हिडिओ हजारो वेळा उघडणे अवघड नव्हते. म्हणून थोड्या संख्येपर्यंत आकडा सरळ वाढू द्यायचा आणि मग थांबवून प्रत्येक ‘पाहणे’ खरे आहे का हे पडताळायचे, अशी व्यवस्था होती. मर्यादा होती ३००. मग ३०१ कुठून आले? प्रोग्राममध्ये अट लिहिली होती : आकडा ३०० पेक्षा कमी किंवा ३०० असेल तर त्यात १ मिळव. आकडा ३०० असतानाही अट पूर्ण होई, १ मिळवला जाई आणि काटा ३०१ वर थांबे. ‘पेक्षा लहान’ आणि ‘पेक्षा लहान किंवा समान’ या चिन्हांतला फरक मुलांना समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण! ही पद्धत ऑगस्ट २०१५ मध्ये बंद झाली.

क्लिकऐवजी मिनिटे

खोट्या यंत्रांना आवरता आले, तरी खऱ्या माणसांचे काय? किती वेळा उघडला यावर व्हिडिओची लोकप्रियता ठरत होती, तेव्हा व्हिडिओ उघडायला लावणे हेच कौशल्य झाले. भडक चित्र, खळबळजनक मथळा, आत मात्र काहीच नाही. माणूस दहा सेकंदांत वैतागून निघून जाई; पण मोजणीत त्याची एक भर पडलेली असे.

तेव्हा २०१२ साली यूट्यूबने माप बदलले. किती वेळा उघडला यापेक्षा किती वेळ पाहिला गेला याला शिफारशींत आणि शोधात महत्त्व आले. सुधारणा योग्य होती. पण आता व्हिडिओ लांबू लागले. त्यातच, दहा मिनिटांहून मोठ्या व्हिडिओच्या मध्ये जाहिराती घालता येत असत. तीन मिनिटांत सांगून होणारी गोष्ट मग दहा मिनिटे आणि काही सेकंद चालू लागली. पुढे जुलै २०२० मध्ये ही मर्यादा आठ मिनिटांवर आणली गेली. ती कशासाठी बदलली यापेक्षा, सीमारेषा कुठेही ओढली तरी माणसे तिच्या अगदी पलीकडच्या काठावर येऊन उभी राहतात, हे आपण ध्यानात घ्यायचे.

उंबरठा कसा उभा राहिला

आता आपल्या दोन आकड्यांकडे येऊ. मार्च २०१७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने दाखवून दिले की नामवंत कंपन्यांच्या आणि सरकारी खात्यांच्या जाहिराती अतिरेकी विचारांच्या व्हिडिओंवर लागत आहेत. ब्रिटिश सरकारने व अनेक मोठ्या जाहिरातदारांनी आपल्या जाहिराती थांबवल्या. एप्रिल २०१७ मध्ये यूट्यूबने पहिला उंबरठा घातला : चॅनेलला एकूण १०,००० वेळा पाहिले गेल्याशिवाय त्यावर जाहिराती लागणार नाहीत.

तो पुरेसा ठरला नाही. १६ जानेवारी २०१८ रोजी नवी अट जाहीर झाली. मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिले जाणे आणि १,००० सबस्क्रायबर असणे. अंमल २० फेब्रुवारीपासून, आणि आधीपासून जाहिराती मिळवणाऱ्या चॅनेलनाही तो लागू. यामुळे बाहेर पडणाऱ्यांपैकी ९९ टक्के चॅनेल वर्षाला १०० डॉलरहून कमी मिळवत होते, असे कंपनीने सांगितले. पैशाच्या दृष्टीने नुकसान किरकोळ होते. पण अगदी लहान, स्थानिक, एखाद्याच विषयाला वाहिलेले चॅनेल बाहेर पडले ते याच वेळी.

चार हजार तास म्हणजे किती, हे शिक्षकांच्या हिशेबाने पाहू. ६० मुलांच्या वर्गात ३५ मिनिटांची एक तासिका घेतली, तर एकूण ‘पाहिले गेलेले’ तास होतात ३५. म्हणजे ४,००० तास भरायला सुमारे ११४ तासिका लागतील. रोज सहा तासिका घेणाऱ्या शिक्षकाचे हे १९ दिवसांचे काम! हेच यूट्यूबवर करायचे तर? दहा मिनिटांचा व्हिडिओ, आणि सरासरी माणूस चार मिनिटे थांबतो असे धरले, तर तो ६०,००० वेळा पाहिला जायला हवा. वर्गातली हजेरी आणि पडद्यावरची हजेरी यांत किती फरक आहे, ते इथे दिसते.

फेब्रुवारी २०२३ पासून ‘शॉर्ट्स’ या छोट्या उभ्या व्हिडिओंनाही जाहिरातीचा वाटा मिळू लागला आणि दुसरा मार्ग खुला झाला : १,००० सबस्क्रायबर आणि ९० दिवसांत शॉर्ट्स १ कोटी वेळा पाहिले जाणे. जून २०२३ मध्ये एक खालची पायरीही आली. ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत तीन व्हिडिओ, आणि वर्षात ३,००० तास किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सची ३० लाख वेळा पाहणी. या पायरीवर प्रेक्षकांकडून थेट मदत घेता येते. जाहिरातीचा वाटा मात्र मिळत नाही. ही पायरी आधी मोजक्या देशांत सुरू झाली.

आणि ‘पाहिले’ म्हणजे काय, हा जुना प्रश्न पुन्हा वर आला. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला की लगेच तो ‘पाहिला’ असे मोजले जाऊ लागले. किती सेकंद, याची अट नाही. पण पैसे आणि पात्रता यांसाठी जुनीच, अधिक कडक मोजणी चालू ठेवली गेली. म्हणजे एकाच व्हिडिओचे दोन आकडे : एक मिरवायचा, एक हिशेबाचा.

तपासायचे कसे?

व्हिडिओवर जाहिरात दिसते, म्हणजे चॅनेलला पैसे मिळतात, असा अनेकांचा समज आहे. पूर्वी तो बराचसा खरा होता. पण २०२० च्या अखेरीपासून आधी अमेरिकेत आणि २०२१ मध्ये इतरत्र, योजनेत नसलेल्या चॅनेलवरही जाहिराती लावण्याची मुभा यूट्यूबने स्वतःकडे घेतली. अशा जाहिरातीचा वाटा चॅनेलवाल्याला मिळत नाही. तेव्हा बाहेरून पाहून खात्री करता येत नाही. खरी माहिती चॅनेलच्या मालकालाच, यूट्यूब स्टुडिओतील ‘अर्न’ या विभागात दिसते. किती सबस्क्रायबर झाले, किती तास भरले, हेही तिथेच कळते.

हे तास पाहताना एक खुलासा. खाजगी ठेवलेल्या, केवळ दुवा देऊन दाखवलेल्या किंवा काढून टाकलेल्या व्हिडिओंचे तास धरले जात नाहीत. पैसे देऊन केलेल्या जाहिरातीतून आलेले तास नाहीत, आणि शॉर्ट्सच्या रांगेतून पाहिलेलेही नाहीत. शिक्षकाने आपल्या वर्गापुरता दुवा पाठवलेला व्हिडिओ मुलांनी कितीही वेळा पाहिला, तरी या हिशेबात तो शून्य.

आकडे भरले की काम झाले असेही नाही. त्यानंतर संपूर्ण चॅनेलची तपासणी होते. तिला साधारण महिना लागतो. इतरांचे साहित्य उचलून टाकलेले नाही ना, एकाच साच्यातले व्हिडिओ ढिगाने काढलेले नाहीत ना, हे पाहिले जाते. जुलै २०२५ मध्ये या दुसऱ्या नियमाची शब्दरचना बदलून ‘अस्सल नसलेले साहित्य’ अशी केली गेली. नकार आला तर २१ दिवसांत दाद मागता येते, किंवा पहिल्या नकारानंतर ३० दिवसांनी पुन्हा अर्ज करता येतो.

मंजुरीनंतर प्रत्येक व्हिडिओपुढे डॉलरचे चिन्ह दिसते. हिरवे असेल तर बहुतेक जाहिराती लागतील. पिवळे असेल तर थोड्या किंवा मुळीच नाहीत. मोठ्या व्हिडिओंच्या जाहिरातीच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा चॅनेलला मिळतो, शॉर्ट्सच्या बाबतीत ठरलेल्या रकमेच्या ४५ टक्के. रोज दिसणारा आकडा अंदाजे असतो; पक्का आकडा पुढच्या महिन्यात ठरतो. १० डॉलर जमले की पत्त्याच्या पडताळणीसाठी टपालाने एक क्रमांक येतो, आणि १०० डॉलर झाल्याशिवाय रक्कम बँकेत जमा होत नाही. लहान मुलांसाठी व्हिडिओ करणाऱ्या शिक्षकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अमेरिकेत मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल २०१९ मध्ये १७ कोटी डॉलरची तडजोड झाली, आणि जानेवारी २०२० पासून ‘मुलांसाठी’ असे नोंदवलेल्या व्हिडिओंवर व्यक्तिगत आवडीनुसार जाहिराती लागत नाहीत. त्यामुळे त्यांचे उत्पन्न कमी राहते. आणि शासकीय वा अनुदानित शाळेत नोकरी असेल, तर अशा उत्पन्नाबाबत आपले सेवानियम काय म्हणतात ते आधी पाहणे शहाणपणाचे.

१९१४ चे तत्त्व इथे पुन्हा आठवावे. जाहिरातदारांसाठी काही मापांची त्रयस्थ तपासणी होते. पण चॅनेलवाल्याच्या बाबतीत मोजणारा, पात्र ठरवणारा आणि पैसे देणारा एकच आहे. त्याचे आकडे खोटे आहेत असे म्हणण्याला काही आधार नाही. मात्र ते स्वतंत्रपणे पडताळून पाहण्याची सोयही नाही, आणि प्रयोगशाळेत अशा मापाकडे आपण थोडे जपूनच पाहतो.

माप आणि ध्येय

१९७५ साली चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने चलनपुरवठ्यासंबंधी एक निरीक्षण नोंदवले. एखाद्या मापाचा उपयोग नियंत्रणासाठी सुरू केला की ते माप पूर्वीसारखे विश्वासार्ह राहत नाही. त्याच सुमारास अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी हेच शाळेतल्या परीक्षांबद्दल सांगितले. गुण हे शिकण्याचे चांगले लक्षण असू शकतात; पण गुण हेच शिकवण्याचे ध्येय झाले, की ते लक्षण म्हणून निकामी होऊ लागतात. शिक्षकांना हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही. तरीही परीक्षा आपण रद्द करत नाही. प्रश्नपत्रिका बदलत राहतो. यूट्यूबनेही क्लिक, मग मिनिटे, मग तास व सबस्क्रायबर, आणि शेवटी माणसाकडून तपासणी, अशा प्रश्नपत्रिकाच बदलल्या.

विज्ञान शिकवणाऱ्याच्या दृष्टीने यात खरा धोका आहे. ‘गुरुत्वाकर्षण खोटे?’ असा मथळा दिला तर चार हजार तास लवकर भरतील. अपूर्णांकांचा भागाकार शांतपणे समजावणारा व्हिडिओ कदाचित कधीच भरणार नाही. ज्या गावातल्या पन्नास मुलांसाठी तो केला, त्या पन्नासांनाही तो समजला, तर त्याचे काम झालेले असते. पण त्याची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही.

याचा अनुभव वर्गात सहज देता येईल. एकाच विषयावरचे तीन व्हिडिओ निवडा, प्रत्येकी पाच-सहा मिनिटांचे. दर मिनिटाला घंटी वाजवा. ज्याचे लक्ष उडाले असेल त्याने आपल्या वहीत तो मिनिट लिहावा. शेवटी त्या व्हिडिओवर तीन सोपे प्रश्न विचारा. मग फळ्यावर तीन रकाने करा : किती जणांनी पाहायला सुरुवात केली, एकूण किती मिनिटे लक्ष देऊन पाहिले, आणि किती जणांना तिन्ही उत्तरे आली. प्रत्येक रकान्याप्रमाणे तीनही व्हिडिओंचे क्रमांक लावा. क्रम तोच राहतो की बदलतो, ते पाहा. बदलला, तर या तिन्हींपैकी कोणत्या मापावर बक्षीस द्यावे आणि का, हे मुलांनाच ठरवू द्या.